शिफ्टभर डोक्यावर राहील ते

आमच्या स्टोअरच्या मासिक मागणीपत्रात दोन नोंदी वर्षानुवर्षं एकाखाली एक येत: कापडी मास्क, इतके डझन, गूळ, इतके किलो. कोल्हापूरच्या फौंड्रीत गुळाला काय तोटा? शिफ्ट सुरू व्हायच्या आधी खडा तोंडात टाकायचा आणि फेटलिंगला जायचं, ही रीत माझ्या नोकरीच्या आधीपासूनची. गुळानं धूळ ‘खाली उतरते’ असा सगळ्यांचा विश्वास. घशात अडकलेली जाडी धूळ उतरतही असेल. पण सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार करणारी धूळ अन्ननलिकेच्या वाटेला जातच नाही. ती श्वासनलिकेतून थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांत जाऊन बसते. तिथवर गूळ पोचत नाही. गूळ बंद करा असं मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी खातं बंद पडलं असतं. पण त्या बारीक धुळीपुढे कापडी मास्कची लायकीही गुळाएवढीच आहे, हे वरच्या मंडळींना पटवण्यात माझी बरीच उमेद खर्ची पडली.

मी सेफ्टी ऑफिसर. कोल्हापुरातलं ओतकाम उद्यमनगरातून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असं पसरलं; त्यातल्याच एका बिडाच्या फौंड्रीत माझी नोकरी. बाहेरच्या माणसाला फौंड्री म्हटलं की भट्टी आणि लालभडक रस आठवतो. भीतीही त्याचीच वाटते. आमच्याकडेही भट्टीवरच्या माणसाला मान, भत्ता आणि चकचकीत कोट. फुप्फुसाचा धोका मात्र भट्टीपासून लांब, वाळूचा साचा फोडतात त्या नॉकआउटला आणि कास्टिंग घासून साफ करतात त्या फेटलिंगला. साच्याची वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. रसाच्या उष्णतेनं ती कास्टिंगला भाजून चिकटते. मग हँड ग्राइंडर घ्यायचा, त्याला सगळे एजी-सेव्हन म्हणतात, आणि रायझरचे राहिलेले ठोंब, पार्टिंग लाइनवरची फ्लॅश, ही चिकटलेली वाळू, सगळं घासून काढायचं. चाकाखाली वाळू दळली जाते. त्या दळणातला १० मायक्रॉनहून बारीक भाग हवेत तरंगत राहतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरपेत जी नाचताना दिसते ती जाडी धूळ. ती नाकात अडकते, शेंबडातून बाहेर पडते. दुसरी डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्‌तास खाली बसत नाही.

ही न दिसणारी धूळ मोजायची तर कामगाराच्या कॉलरला सॅम्पलर आणि कमरेला छोटा पंप लावून त्याला दिवसभर नेहमीसारखं काम करू द्यायचं. जमलेली धूळ प्रयोगशाळेत जाते, तिच्यात क्वार्ट्झ किती ते कळतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात यासाठी एक सुटसुटीत सूत्र होतं. क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवायचे आणि त्यानं १० ला भागायचं. येईल ती श्वसनयोग्य धुळीची मर्यादा, घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये. धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ असेल तर १० भागिले ३२, म्हणजे ०.३१. त्यातला निव्वळ क्वार्ट्झ काढला तर ९४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. अमेरिकेनं २०१६ साली ही मर्यादा आठ तासांसाठी ५० मायक्रोग्रॅमवर आणली. मी हिशेबाला ५० च धरायचो. कोल्हापूरचं फुप्फुस अमेरिकेतल्या फुप्फुसापेक्षा दुप्पट दणकट असतं, असं मला कुठं वाचायला मिळालेलं नाही.

मास्क हा शेवटचा उपाय, हे सेफ्टीच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्याच धड्यात असतं आणि ते खरंच आहे. धूळ होऊच द्यायची नाही, झाली तर उगमापाशी ओढून घ्यायची, आणि एवढं करून उरली तर माणसाच्या तोंडाला काही लावायचं. ब्रिटननं कास्टिंग साफ करायला वाळूचा मारा वापरण्यावर १९४९ च्या नियमांनी बंदी आणली, त्यामागचा विचार हाच. आमच्या शॉटब्लास्टिंगलाही पोलादाचे छर्रे असतात, वाळू नसते. नॉकआउटला आम्ही बंदिस्त खोली केली, सक्शन लावलं, तिथली धूळ पुष्कळ उतरली. फेटलिंगचं दुखणं वेगळं. कास्टिंग चाळीस-पन्नास किलोचं, त्याला दहा कोपरे, आणि माणूस त्याच्याभोवती फिरत, वाकत, ग्राइंडर कधी उजवा कधी डावा धरत काम करतो. सक्शनचं तोंड एका जागी असतं, ठिणग्यांचा फवारा दर मिनिटाला दिशा बदलतो. खालून हवा ओढणारी डाउनड्राफ्टची टेबलं बसवली, फरक पडला, पण पुरेसा नाही. तेव्हा रेस्पिरेटर निवडायची वेळ आलीच.

आधी आणले ते रबरी हाफ मास्क, दोन बाजूंना फिल्टरच्या गोल चकत्या असलेले. कागदावर ते उत्तम. अमेरिकेच्या ओशा या संस्थेच्या कोष्टकात त्यांना १० चा संरक्षण गुणांक आहे, म्हणजे बाहेर १० भाग धूळ असेल तर आत १ भाग. अट एकच: मास्कची कड चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसली पाहिजे. ती बसते की नाही हे पाहायला फिट टेस्ट करतात. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर एक पारदर्शक टोपडं घालायचं, त्यात सॅकरिनचा फवारा मारायचा आणि त्याला बोलायला, मान फिरवायला, वाकायला सांगायचं. जिभेला गोड लागलं तर मास्क गळतोय. आमच्याकडे या परीक्षेला खूप गर्दी व्हायची, कारण ती ग्राइंडिंगपेक्षा बरी होती. बहुतेक जण पास झाले. गुळगुळीत दाढी करून आले होते.

मग श्रावण आला.

आमच्या भागात श्रावण पाळणारा माणूस महिनाभर दाढीला वस्तरा लावत नाही. फेटलिंगमधले निम्मेअधिक लोक पाळणारे. दाढीचे खुंट वाढले की रबराची कड चेहऱ्यापासून उचलली जाते आणि हवा फिल्टरमधून यायची सोडून त्या फटीतून येते, कारण ती वाट सोपी. खात्यातला सगळ्यात जुना फेटलर, त्याला सगळे आण्णा म्हणत, त्याच्यापाशी मी विषय काढला.

“आण्णा, दाढी वाढली. मास्क बसत नाही आता.”

“श्रावण हाय न्हवं साहेब.”

“ते खरं. पण धूळ आत जातीय.”

“मग देवाला सांगू व्हय, फौंड्रीत हाय म्हणून औंदा सूट द्या?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि शोधायची इच्छाही नव्हती. खात्यातल्या काही मुसलमान कारागिरांना तर दाढी बारा महिने होती. माणसानं मास्कसाठी आपली श्रद्धा, सवय, चेहरा बदलावा, अशी अट घालणारी सुरक्षितता कागदावर टिकते, खात्यात टिकत नाही. नियमाचं पुस्तक म्हणतं की घट्ट बसणारा मास्क दाढीवाल्याला देऊच नये. बरोबर. मग त्याला काय द्यावं, हा पुढचा प्रश्न होता.

दाढीपेक्षा मोठा शत्रू तंबाखू निघाला. तोंडात बार भरलेला माणूस दर दहा-पंधरा मिनिटांनी थुंकणार, म्हणजे मास्क खाली. क्रेनवाल्याला ओरडून सांगायचं, मास्क खाली. घाम पुसायचा, पाणी प्यायचं, फोन वाजला, सुपरवायझर आला, मास्क खाली. हनुवटीखाली लोंबणारा मास्क हे आमच्या फेटलिंगचं नेहमीचं दृश्य. रबराखाली घाम साचतो, श्वास ओढायला जोर लागतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल महिन्यात तो जोर नकोसा वाटतो. यात कुणाचा आळस नाही. मी स्वतः तो लावून ग्राइंडर धरून पाहिला आहे.

इथे एक गणित आहे, आणि मला वाटतं रेस्पिरेटर विकत घेणाऱ्या प्रत्येकानं कॅटलॉग उघडायच्या आधी ते करावं. समजा तुम्ही १००० गुणांकाचा भारी मास्क आणलात. आठ तासांच्या शिफ्टमध्ये माणसानं तो थोडाथोडा करून ४८ मिनिटं काढला, म्हणजे वेळेच्या एक दशांश. त्या ४८ मिनिटांत त्याला सगळी धूळ मिळाली. उरलेल्या वेळात हजारावा भाग. दोन्हींची बेरीज करून सरासरी काढली तर संरक्षण १००० पट राहत नाही, ते १० पटींच्याही किंचित खाली येतं. हजाराचा मास्क आणि दहाचा मास्क एका पातळीवर आले. म्हणून मला जो रेस्पिरेटर हवा होता त्याची पहिली कसोटी छापलेला आकडा ही नव्हती. तो आपणहून डोक्यावर राहतो का, काढावासा वाटत नाही का, एवढंच मला पाहायचं होतं.

या कसोटीला उतरेल असा वाटला तो पंख्यावर चालणारा, म्हणजे पॉवर्ड रेस्पिरेटर. हे काही नवं प्रकरण नाही. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणींसाठी १९७० च्या दशकात एअरस्ट्रीम नावाचं हेल्मेट निघालं, त्यात पंखा हेल्मेटातच बसवला होता. आता बहुतेकांत तो कमरेच्या पट्ट्यावर असतो. बॅटरीवरचा पंखा खात्यातलीच हवा ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि पाठीवरच्या नळीतून डोक्यावरच्या टोपात सोडतो. टोपात आतून बाहेर वारा वाहत राहतो, त्यामुळे कडेला फट असली तरी धूळ आत शिरायला धजत नाही. श्वास ओढायला जोर नाही. सैल टोपाला फिट टेस्ट लागत नाही, दाढी चालते, चष्मा चालतो. चाळिशी उलटलेल्या फेटलरांत चष्मेवाले पुष्कळ. पूर्ण चेहऱ्याच्या घट्ट मास्कमध्ये चष्म्याची काडी कड उचलते आणि वेगळी फ्रेम बसवून घ्यावी लागते, तो त्रास इथे नाही.

विक्रेत्यांची माणसं आली. कॉन्फरन्स रूममध्ये एसी लावून, पॉलिश केलेल्या टेबलावर संच मांडून दाखवलं. सगळं छान. मी म्हटलं, चला खाली. एकाचा चेहराच पडला. करोनानंतर दवाखान्यांत वापरायचे पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याचे टोप काही जणांकडे शिल्लक होते आणि ते कारखान्यांना दाखवत फिरत होते. एजी-सेव्हनचं चाक फुटलं तर तुकडा गोळीसारखा येतो. तो पडदा तिथे काय करणार? आघात सोसणारा व्हायझर नसेल तर पुढं बोलूच नये, असं मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं आणि यादी निम्म्यावर आली.

दुसरी गाळणी ठिणग्यांची. फेटलिंगमध्ये ठिणग्या कमरेपर्यंत सहज उडतात आणि पंखा त्या आत ओढतो. फिल्टरचा कागद पेटू शकतो, आणि पेटलेल्या फिल्टरमागून येणारी हवा नळीतून सरळ माणसाच्या नाकाशी जाते. म्हणून फिल्टरच्या पुढे धातूच्या जाळीचा स्पार्क अरेस्टर हवाच. हा वेगळा विकतात आणि कोटेशनमध्ये बऱ्याचदा धरलेला नसतो. किंमत कमी दिसावी म्हणून की विसरून, ते मी विचारत बसलो नाही.

आता आकड्यांकडे. एकाच सैल टोपासाठी तीन-तीन आकडे ऐकायला मिळतात आणि खरेदी विभागाचा माणूस त्यातला सगळ्यात मोठा धरतो. युरोपच्या ईएन १२९४१ मानकात टीएच-३ वर्गाला ५०० चा गुणांक आहे. तो प्रयोगशाळेतल्या गळतीवरून काढलेला. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष निवडीसाठी त्याच टीएच-३ ला ४० धरतात आणि टीएच-२ ला २०. अमेरिकेत सैल बसणाऱ्या पॉवर्ड रेस्पिरेटरला २५. पूर्ण टोपाच्या प्रकाराला उत्पादकाकडे तसा पुरावा असेल तरच १०००. हे आकडे भांडत नाहीत. प्रयोगशाळेत माणूस ट्रेडमिलवर चालतो. आमच्याकडे तो कास्टिंगवर ओणवा होऊन ग्राइंडर रेटतो. मी २५ धरला. समजा फेटलिंगमध्ये क्वार्ट्झ ४०० मायक्रोग्रॅम आला, तर ५० च्या मर्यादेच्या तो आठ पट. २५ चा टोप पुरतो, हाफ मास्कही कागदावर पुरतो. समजा कुठे २००० आला. चाळीस पट. तिथे सैल टोप घालून माणसाला उभं करणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. तिथे आधी धूळ कमी करायची किंवा घट्ट बसणारा पूर्ण चेहऱ्याचा पॉवर्ड मास्क द्यायचा, आणि मग पुन्हा दाढीचा प्रश्न.

हवेचा प्रवाह हा आणखी एक आकडा. अमेरिकन नियमांत सैल टोपाला मिनिटाला किमान १७० लिटर, घट्ट मास्कला ११५. ऐकायला भरपूर वाटतं, कारण शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. पण जड काम करताना श्वास सलग नसतो. ओढतो त्या क्षणी वेग २०० लिटरच्याही वर जाऊ शकतो. तेवढ्या क्षणापुरती टोपातली हवा कमी पडते आणि कडेच्या फटीतून बाहेरची ओढली जाते. एका विक्रेत्याला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं दुसऱ्या दिवशी उत्तर मात्र नीट आणलं: जड कामाला पंखा वरच्या वेगावर ठेवायचा, आणि मानेभोवतीची कापडी झालर सैल सोडायची नाही. वरच्या वेगावर बॅटरी लवकर उतरते, हे त्यानं सांगितलं नाही, ते आम्ही शिकलो.

चाचणीसाठी आलेला संच मी आण्णाला दिला. त्यानं तो हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, चांद्रयानात बसायचंय का असं विचारलं, आणि घातला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी मुद्दाम तिकडे फिरकलो नाही. फिरकलो तेव्हा टोप डोक्यावर होता आणि आजूबाजूला तरणी पोरं ‘आण्णा, आमाला बी’ म्हणत उभी होती.

“कसं वाटतंय?”

“वारं लई भारी लागतंय बगा तोंडाला. घाम डोळ्यात न्हाई आला. खरं कानात घुंघुं व्हतंय.”

“आणि तंबाखू?”

“ती टोप घालायच्या आधी थुकून टाकली. आत कुठं थुकू?”

सेफ्टीच्या व्याख्यानांनी जे झालं नव्हतं ते तोंडावर येणाऱ्या वाऱ्यानं केलं. सिलिका, वायुकोश, फायब्रोसिस हे शब्द मी वर्षानुवर्षं बोललो असेन. पण माणूस आज संध्याकाळपर्यंतच्या सुखासाठी टोप घालतो, वीस वर्षांनंतरच्या एक्स-रेसाठी नाही. यात मला गैर काही वाटत नाही. खरेदी करणाऱ्यांनी ते ओळखलं की बरंच काम होतं.

घुंघुं मात्र खरी होती. अमेरिकन मानकात टोपातला पंख्याचा आवाज ८० डेसिबलच्या आत असावा लागतो, पण खात्याच्या आवाजात ती भर पडते आणि मुख्य म्हणजे शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. क्रेनखाली काम करणाऱ्याला हाक ऐकू न येणं हा धुळीपेक्षा जवळचा धोका. आम्ही क्रेनला दिवा लावला आणि हातवारे ठरवून घेतले. कानातले प्लग टोपाच्या आत घालायचेच, ते सुटत नाहीत. पाठीवरची नळी दुसरी कटकट. ती कास्टिंगच्या कोपऱ्याला, ग्राइंडरच्या केबलला अडकते. जरा बुटक्या माणसाला मोठ्या मापाची नळी दिली की ती मागे कमानीसारखी उभी राहते. मापं वेगवेगळी मिळतात. कोटेशनमध्ये एकच लिहिलेलं असतं.

टोप आल्यावर एक नवा धोका दारात उभा राहिला, तो म्हणजे त्यावरचा अतिविश्वास. ‘पंख्याचं हेल्मेट घातलं की कुठं बी जावा’ असा समज खात्यात आपोआप पसरला. रस ओतल्यावर साच्यातल्या कोळशाच्या पुडीतून आणि कोअरच्या रेझिनमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. धुळीचा फिल्टर त्याला अडवत नाही, आणि नेहमीची गॅस-कॅनिस्टरंही अडवत नाहीत. कोअर शॉपमधला अमोनियाचा, फॉर्मल्डिहाइडचा वास वेगळा. त्यासाठी वेगळ्या रंगपट्ट्यांची कॅनिस्टरं लागतात, अमोनियाची हिरवी. सगळ्यात धोकादायक ठिकाण म्हणजे डस्ट कलेक्टरचा हॉपर. तो तुंबला की कुणीतरी आत उतरून मोकळा करायचा, आणि टोपवाला माणूस आपणहून पुढे होणार. पंखा खात्यातलीच हवा गाळून देतो. हवेत प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेला असेल तर टोपातही तेवढाच कमी मिळणार. फिल्टर प्राणवायू तयार करत नाही. बंदिस्त जागेत बाहेरून शुद्ध हवेची लाइन किंवा पाठीवरचा सिलिंडर, तिसरा पर्याय नाही. हे मी हॉपरच्या झडपेवर रंगवून घेतलं. वाचणारे वाचतात. उरलेल्यांसाठी झडपेला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे.

कारखान्यात वस्तू येते तेव्हा तिचं कौतुक होतं. ती सांभाळायला कोण, हे सहसा ठरलेलं नसतं. हाफ मास्क कामगार स्वतः धुऊन खुंटीला लावत होता. पॉवर्ड संचाला बॅटरी आहे, पंखा आहे, नळी आहे, फिल्टर आहे, व्हायझरवरची सोलून टाकायची पारदर्शक पट्टी आहे. रात्री चार्जिंगला लावायला विसरलं की सकाळी माणूस टॉवेल गुंडाळून कामाला लागतो. स्टोअरमधल्या शालनताईंनी हे अंगावर घेतलं. त्यांनी स्टोअरच्या मागच्या खोलीत फळी ठोकून घेतली, प्रत्येक संचाला क्रमांक दिला, बॅटऱ्यांवर नेलपॉलिशनं खुणा केल्या, आणि शिफ्टच्या आधी प्रत्येक पंख्यावर प्रवाह-मापक धरून चेंडू रेषेच्या वर उचलला जातो का ते पाहायला लागल्या. रेषेखाली राहिला तर संच द्यायचा नाही, समोर कोणीही असो. एकदा फोरमननं दमदाटी केली. त्यांनी रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाल्या, “इथं सही करा, तुमच्या जबाबदारीवर नेतो म्हणून.” सही झाली नाही.

शालनताईंनीच एक गोष्ट पकडली. काही फिल्टर परत येताना संशय यावा इतके स्वच्छ होते. फौंड्रीत प्रत्येक खांबाला कॉम्प्रेस्ड हवेची लाइन असते आणि माणसं तिच्यानं कपडे झटकतात, केस झटकतात, आणि आता फिल्टरही झटकू लागली होती. दाबाची हवा मारली की फिल्टरच्या कागदाला सूक्ष्म भोकं पडतात. तो वरून नवा दिसतो, त्यातून हवा सहज जाते, अलार्मही वाजत नाही, कारण अलार्म कमी प्रवाहाचा आहे. धूळ मात्र सरळ आत. भरलेला काळाकुट्ट फिल्टर उलट सुरक्षित असतो. पंख्याला ओढायला जड जाऊ लागलं की टोपात शिट्टी वाजते, तेव्हा बदलायचा. त्याच्यापुढे स्वस्त प्रीफिल्टर लावला तर तो जास्त टिकतो. ही बाब लोकांना समजावणं कठीण गेलं, कारण घाण दिसली की झटकायची हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. शेवटी एक झटकलेला फिल्टर उजेडासमोर धरून दाखवला.

पैशाचं सांगायचं तर एका संचाची किंमत फेटलरच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त, आणि फिल्टर, पट्ट्या, बॅटऱ्या यांचा खर्च दरवर्षी पुन्हा. अकाउंट्सनं विचारलं, परतावा काय? सिलिकोसिस हा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टातला, कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, आणि तो बरा होत नाही, एवढं मी लिहून दिलं. परताव्याचा रकाना रिकामा ठेवला. मंजुरी आली. नेमकी कशामुळे आली कोण जाणे. त्याच सुमारास एका परदेशी ग्राहकाचं ऑडिट होतं, आणि माझा अंदाज तिकडेच जातो.

खरा पेच त्यानंतरचा. मंजूर संख्या होती ती पटावरच्या कामगारांची. आणि आमच्या फेटलिंगमध्ये पटावरचे थोडे, बाकी सगळे ठेकेदाराचे, नगावर पैसे मिळणारे. बरेच ओडिशा-बिहारकडचे, सहा-आठ महिने काम करून गावी जाणारे. नगावर काम म्हणजे त्यांचा वेग जास्त आणि म्हणून धूळही जास्त त्यांच्याच वाट्याला. ठेकेदार म्हणाला, माझ्या माणसांना मी मास्क देतो. देत होता, पानपट्टीवर टांगलेले असतात तसले. कारखाने अधिनियमातली कामगाराची व्याख्या ठेकेदारामार्फत आलेल्यालाही धरूनच आहे, हे मी फाइलवर कलमासहित लिहिलं. खरेदीवाल्यानं शांतपणे विचारलं, “माणूस सहा महिन्यांत जाणार, संच कुणाच्या नावावर टाकू?” प्रश्न वाकडा नव्हता. घामानं ओला झालेला टोप दुसऱ्याच्या डोक्यावर कोण घालेल?

तोड निघाली ती शालनताईंच्या फळीवरून. पंखा आणि बॅटरी शिफ्टमागून शिफ्ट फिरती ठेवायची; टोप, घामपट्टी आणि मानेची झालर प्रत्येकाची स्वतःची, नावाच्या पिशवीत. महाग भाग कमी लागले, अंगाला लागणारे भाग ज्याचे त्याचे राहिले. ठेकेदाराच्या माणसांसकट संख्या पुन्हा मांडली आणि ती बसली.

आता राहिलंय ते एका कार्डाचं. सिलिकोसिसला वर्षं लागतात, आणि गावी गेलेल्या माणसाच्या छातीत दहा वर्षांनी काही दिसलं तर तिथला डॉक्टर बहुतेक वेळा क्षयाची औषधं सुरू करतो, कारण हा माणूस कधी वाळूत काम करत होता हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून काम सोडताना प्रत्येकाच्या हातात द्यायला मी एक कार्ड केलं आहे: कुठल्या खात्यात किती काळ, धूळ कुठली, कुठला रेस्पिरेटर वापरला, एक्स-रे कधी काढला, आणि त्या एक्स-रेची प्रत सोबत. मराठी आणि हिंदी छापून झालं. ओडिया मजकूर फेटलिंगमधल्याच एका बारावी झालेल्या पोरानं लिहून दिलाय. छापखान्यात टायपिंग झालं की तो तपासून देणार आहे, तेवढ्यासाठी त्यानं गावी जायचं तिकीट पुढच्या आठवड्यावर ढकललंय.